लॅटिन मूळ की लॅटिन मार्ग?

प्रश्न असा आहे की, मुलासाठी लॅटिन मुळाचे नाव हवे असून सबॅस्टियन, ऑलिव्हर, लुकास आणि फेलिक्स या चारांपैकी अस्सल लॅटिन कोणते मानावे. नावांच्या याद्यांमध्ये ‘लॅटिन’ हा शिक्का सरसकट मारलेला असतो. त्यात लॅटिन शब्दापासून घडलेली नावे जशी येतात, तशीच दुसऱ्या भाषेत घडून केवळ लॅटिनमार्गे पसरलेली नावेही येतात.

सबॅस्टियन हे या दुसऱ्या प्रकारातले. त्याच्या मुळाशी ‘पूजनीय’ या अर्थाचा ‘सेबास्टोस’ हा ग्रीक शब्द आहे. गंमत म्हणजे इ. स. पू. 27 मध्ये पहिला रोमन सम्राट ऑक्टेव्हियन याला मिळालेल्या ‘ऑगस्टस’ या लॅटिन उपाधीचा ग्रीक प्रतिशब्द म्हणून हाच शब्द रूढ झाला, त्यामुळे तोच अर्थ लॅटिनमध्ये हवा असेल तर ऑगस्टस हे नाव तयारच आहे. ऑलिव्हरचा संबंध ऑलिव्हच्या झाडाशी जोडला जातो खरा, परंतु अनेक अभ्यासक त्यामागे जुने जर्मानिक नाव पाहतात आणि झाडाशी असलेले नाते ही लोकव्युत्पत्ती, म्हणजे शब्दांच्या साम्यावरून लोकांनी मागाहून जोडलेला संबंध, समजतात. लुकास हे ग्रीक वळणाचे रूप असून ते बहुधा ‘लुकिउस’सारख्या लॅटिन नावाचा संक्षेप असावे. लुकिउसचा संबंध प्रकाशवाचक ‘लुक्स’शी जोडतात आणि हा शब्द आपल्या ‘रुच्’ (प्रकाशणे) या धातूचा सगोत्र आहे. ‘रलयोरभेदः’ (र आणि ल यांत भेद नाही) हे वचन ठाऊक असणाऱ्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

उरला फेलिक्स, आणि तो मात्र निःसंशय लॅटिन आहे. याद्या त्याचा अर्थ ‘भाग्यवान’ एवढाच देतात, पण मूळ अर्थ ‘फलद्रूप, सुपीक’ असा होता आणि त्यातूनच ‘सुदैवी’ ही छटा आली. ज्या मूळ धातूपासून संस्कृतातील ‘धयति’ (दूध पितो) आणि ‘धेनु’ हे शब्द आले, त्याच धातूशी फेलिक्सचे नाते आहे. रोमन सेनानी सुल्लाने हे विशेषण स्वतःच्या नावाला अभिमानाने जोडून घेतले होते.

अस्सल लॅटिन असणे आणि अर्थ शुभ असणे या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. क्लॉडियसच्या मुळाशी ‘लंगडा’ या अर्थाचे विशेषण आहे, पॉल म्हणजे ‘लहान’ आणि क्विंटस म्हणजे ‘पाचवा’. हे शेवटचे नाव थोरल्या मुलाला देताना थोडा विचार केलेला बरा. यादीबाहेरचे चालणार असेल तर मी रूफस सुचवीन. त्याचा अर्थ ‘तांबूस, लालसर केसांचा’ असून आपले ‘रोहित’ आणि ‘रुधिर’ हे शब्द त्याचे सख्खे भाऊबंद आहेत.

दिलेल्या चारांतून निवडायचे झाल्यास माझे मत फेलिक्सला आहे. इंग्रजी उच्चारामुळे काही जण ‘फीलिक्स’ असे लिहितात. लॅटिनमध्ये त्यातील दोन्ही स्वर दीर्घ असल्याने ‘फेलीक्स’ हे लेखन मुळाला अधिक धरून होईल.