नायट्रॉक्स घेऊ काय नको? आणि घाट कधी चढू?

प्रश्न : सर, आम्ही चौघं मित्र शहापूरचे, दरवर्षी दिवाळी झाली की मालवणला नाहीतर मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला स्कूबा डाइव्ह मारायला जातोय. माझा ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स, झालाय, आतापर्यंत २२ डाइव्ह, जास्तीत जास्त १४ मीटर गेलो असेन. आता ग्रुपमधला एकजण मागं लागलाय की नायट्रॉक्सचा कोर्स कर, पाण्यात जास्त वेळ मिळतोय, दमायला पण होत नाही म्हणे. फी बघितली तर तेवढ्यात आमची एक अख्खी ट्रिप निघतेय. एवढ्या कमी खोलीला त्याचा उपयोग हाय काय नाही, ते सरळ सांगा. मालवणला गेलो तर पहाटे निघतो, दोन डाइव्ह करतो आणि रात्री जेवायला घरी असतो.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सरळच सांगतो, आत्ता नको. पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी जास्त दचकलोय, त्यावर येतो नंतर.

आधी नायट्रॉक्स. आपल्या पाठीवरच्या टाकीला पेपरवाले कायम ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, पण त्यात तुमच्या गल्लीत असते तीच हवा दाबून भरलेली असते, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, बहुतेक ठिकाणी ३२ नाहीतर ३६ टक्के. ऑक्सिजन वाढला की तेवढा नायट्रोजन कमी, आणि पाण्याखाली अंगात मुरतो तो नायट्रोजन, म्हणून नो-डेकोची वेळ, म्हणजे वर येताना मध्ये सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येतं ती वेळ, वाढते. १८ मीटरला साध्या हवेवर पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात ५६ मिनिटं आहेत, ३२ टक्क्यांवर ९५. ऐकायला भारी वाटतं.

आता तुमच्यासारखी खोली, समजा १२ मीटर, घ्या. साध्या हवेवरच टेबल १४७ मिनिटं देतंय, म्हणजे जवळजवळ अडीच तास. आणि टाकी किती पुरते? नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची, २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली, ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं म्हटलं की वापरायला १६५० लिटर हवा. वर जमिनीवर तुम्ही मिनिटाला २० लिटर ओढत असाल तर १२ मीटरला दाब २.२ पट, म्हणजे मिनिटाला ४४ लिटर. भागाकार करा, ३७-३८ मिनिटं. तुमची हवा संपतेय अडतिसाव्या मिनिटाला आणि तुम्ही पैसे मोजणार १४७ च्या पुढची मिनिटं विकत घ्यायला. हे म्हणजे उतरायचं खानापूरला आणि तिकीट काढायचं बेंगळुरूचं!

आणि नायट्रॉक्सनं हवा जास्त पुरते हा एक गैरसमज लोकांच्या डोक्यातून जातच नाही. टाकीत २०० बारच असतात हो, लिटर तेवढेच. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी पडला म्हणून नाही, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून, त्यामुळं ऑक्सिजन वाढवून श्वास काही कमी होत नाही.

माझंच सांगतो. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, सकाळी खोलवरच्या डाइव्हसाठी नायट्रॉक्स घेतलेला, एक टाकी उरली ती दुपारी नेमो रीफला लावली. ११ मीटर, खाली वाळू, एका अॅनिमोनीपाशी जोडीदार फोटो काढत बसलेला. गेजचा काटा ५० वर आला म्हणून मनगटावर बघतोय तर डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं घड्याळ, नो-डेको ९९ मिनिटं दाखवतोय, म्हणजे त्याच्या स्क्रीनवर याच्यापुढं आकडाच नाही. वेळ उरली होती ९९ मिनिटं आणि हवा संपत आलेली. वर येऊन बोटीत नारळपाणी पीत बसलो.

त्यापेक्षा बुडायला कमरेला शिसं बांधता त्यातलं एखादा किलो कमी करून बघा. आपल्याकडचे पुष्कळजण गरजेपेक्षा जास्त शिसं बांधतात, मग तरंगायला जॅकेटमध्ये हवा भरतात, मग हात मारत सुटतात आणि अर्ध्या तासात टाकी रिकामी. एक दिवस फक्त न हलता तरंगायची प्रॅक्टिस केली तर तुम्हाला चार-पाच मिनिटं जास्त मिळतील आणि ती फुकट.

मग नायट्रॉक्स कुणी घ्यावा? जो अंदमानला आठवडाभर जातोय, दिवसाला तीन-चार डाइव्ह, १८ ते ३० मीटरमध्ये. तिथं पहिल्या डाइव्हचा नायट्रोजन अंगात असतानाच दुसरी असते, तिसऱ्या डाइव्हला टाकीत १०० बार असतानाच कॉम्प्युटर वर चला म्हणतो. ३० मीटरला हवेवर २० मिनिटं, ३२ टक्क्यांवर ३०, ती १० मिनिटं तिथं खरंच कामाला येतात. असा बेत ठरला की करा कोर्स, एका दिवसात होतो, अवघड काही नाही.

आता ते रात्रीचं जेवण. मालवण समुद्रसपाटीला, बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर. आंबोली चढून तुम्ही डाइव्हनंतर काही तासांतच कमी दाबात येताय, गोव्याहून चोर्ल्यानं आलात तरी तेच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या सूचना विमानासाठी लिहिलेल्या आहेत : एक डाइव्ह असेल तर १२ तास थांबा, एकापेक्षा जास्त किंवा रोज डाइव्ह असतील तर १८ तास, आणि हे २००० फुटांपासून पुढच्या केबिन उंचीला (विमानाच्या आतला दाब जेवढ्या उंचीवरचा असतो ती) लागू. आता विमान काय आणि सावंतवाडीहून वर चढणारी गाडी काय, रक्ताला काय कळतंय? दाब कमी झाला की विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे व्हायला बघतो. दोन उथळ डाइव्हनंतर धोका लहान आहे हे मान्य, पण माणूस घाटात असताना सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, तर करणार काय? तेव्हा मालवणातच राहा, रात्री सुरमई खा, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत निघा. दोन डाइव्ह दुपारी १ पर्यंत संपल्या तर १८ तास दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला भरतात, चहा-नाष्टा करून गाडी काढली तरी दुपारच्या जेवणाला शहापूर.

कोर्सची फी वाचली ना, ती त्या रात्रीच्या खोलीला लावा.

प्रश्न : नायट्रॉक्सनं थकवा कमी होतो हे खरं की नुसती जाहिरात? आणि ऑक्सिजन जास्त म्हणजे जास्त खोल जाता येतं ना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : थकव्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, काहींत फरक दिसला, काहींत नाही. मला विचाराल तर पहाटे तीनला उठून घाट उतरलेला, बोटीत उलट्या केलेला माणूस थकणारच, टाकीत काही का असेना.

खोलीचं मात्र बरोबर उलट आहे. दाबाखाली जास्त ऑक्सिजन विषारी होतो, पाण्यातच फिट येऊ शकते, आणि तोंडातला श्वास घ्यायचा रेग्युलेटर सुटला की संपलं. म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही : ३२ टक्क्यांना साधारण ३३ मीटर, ३६ ला २८. म्हणूनच टाकी आपली आपण ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरवर तपासायची, दुकानदारानं चिकटवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. एकदा माझ्या टाकीवर ३२ लिहिलेलं आणि मशीनवर ३५ आलं, म्हणजे मर्यादा ३३ वरून ३० मीटरवर. मी फक्त २० ला जाणार होतो म्हणून हसलो, नाहीतर हसायची गोष्ट नव्हती. आणि डाइव्ह झाल्यावर कॉम्प्युटर ३२ वर तसाच सोडू नका, पुढची टाकी हवेची असेल तर आधी २१ वर आणा, नाहीतर तो तुम्हाला नसलेली मिनिटं दाखवत बसेल.