सोलापुरातल्या घराचं वीजबिल आणि टँकरचा खर्च दोन्ही कमी करायचे आहेत. 5 किलोवॉटचं सोलर बसवू का?

सोलर बसवाच, पण सगळ्यात शेवटी. दोन मजली घर, सहा माणसं, महिना साडेतीनशे युनिट आणि एप्रिलपासून टँकर, असं तुम्ही लिहिलंय. वापर आधी खाली आणलात तर 5 किलोवॉटची गरजच उरणार नाही. मी इथेच वायरिंग आणि मोटारींची कामं करतो, त्यामुळे अशी घरं रोज बघतो.

पहिलं काम फुकटचं. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचे प्लगसुद्धा काढा आणि मीटरसमोर उभे राहा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी 3200 छापलं असेल तर तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असूनही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे, वायरमनला बोलवा. नसेल तर एकेक वस्तू लावत जा. 2000 वॉटचा गिझर लावला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा उडतो. हे घरातल्या मुलांना दाखवा, मग गिझर बंद करायला सांगावं लागत नाही.

पंखे आधी बदला. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचा, 30च्या आसपास. पाच पंखे दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला 80 युनिट वाचतात. हे युनिट वरच्या महाग टप्प्यातून कमी होतात, आणि 100 युनिटनंतरचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास आहे, हे बिलावर बघाच.

मग गरम पाणी. 100 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण तीन युनिट लागतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच पोळतं, तरी गिझर चालू ठेवणारी घरं आहेत! थंडीसाठी सोलर हीटर चांगला, फक्त त्याला बोअरचं पाणी जोडू नका. क्षारांनी दोन-तीन वर्षांत चोंदतो. नळाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी द्या.

उन्हाळ्यातला खरा खर्च स्लॅबमुळे वाढतो. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घरांत दुपारी झोप लागायची, स्लॅबखाली रात्री अकरालाही भट्टी असते. मार्चच्या आधी गच्चीला चुना मारून घ्या, त्यात थोडं फेविकॉल घालून दोन हात. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण याच्याइतकं स्वस्त काही नाही. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फार उपयोग होत नाही, ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं.

आता पाणी. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात लोक बादल्या जपतात आणि फ्लशकडे बघत नाहीत. टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर वॉशर गेलाय, पाणी रात्रंदिवस झिरपतंय. जुन्या फ्लशला एका वेळी दहा लिटर जातात. टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली उभी ठेवली तर दर वेळी लिटरभर वाचतं. पैसे असतील तर दोन बटणांचा फ्लश बसवा. नळांना एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी, लावा. आणि वरची टाकी भरून वाहते त्याला फ्लोट स्विच लावा, मोटारीची वीजही वाचते.

आरओबद्दल माझं मत कडक आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 500च्या खाली असेल तर आरओ नकोच. बोअरचंच पाणी पीत असाल आणि आरओ लागतच असेल, तर ते सांडपाणी फरशीला आणि संडासाला वापरा. कुंड्यांना नको.

पावसाचं पाणी सोडू नका. 800 चौरस फूट गच्ची आणि 550 मिलिमीटर पाऊस धरला, तर वाया जाणारं वजा करून 32 हजार लिटरच्या आसपास हाती येतं. म्हणजे पाच हजार लिटरचे सहा टँकर. तेवढं साठवायला हौद पुरणार नाही. पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग गाळणीतून बोअरमध्ये सोडा. आपला जोर सप्टेंबरात असतो, पाइप त्याआधी साफ हवेत.

एवढं झालं की तुमचा वापर महिना दोनशे युनिटच्या आसपास यावा. 1 किलोवॉटला महिन्याला साधारण 120 युनिट मिळतात, म्हणजे उरलेला वापर पहिल्या, स्वस्त टप्प्यातच राहतो. एसी घ्यायचा विचार असेल तर 2 किलोवॉट. पीएम सूर्यघर योजनेत 1 ला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78 हजार अनुदान आहे. म्हणजे 5 किलोवॉटच्या वरच्या दोनचा पूर्ण खर्च तुमच्या खिशातून, आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला मिळणारा भाव तुम्ही भरता त्या दराच्या मानाने बराच कमी. पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही अशी जागा विक्रेत्याला सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा येऊन बघायला लावा. पॅनल नळाच्या पाण्याने, उन्हं चढायच्या आत धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात, आणि आरओचं सांडपाणी तर तिथे अजिबात नेऊ नका.