शरण जाणं म्हणजे हरणं का?

प्रश्न असा आलाय की 'शत्रू शरण आला' आणि 'देवाला शरण जा' यातला शरण एकच का, आणि एकच असेल तर भक्तीत हा हरलेल्याचा शब्द कशाला, शिवाय शरण जायचं म्हटलं की जाणारा वेगळा नि देव वेगळा हे आलंच ना?

शब्द एकच आहे, पण हरण्याचा अर्थ त्याच्या मुळात नाही. संस्कृतात शरण म्हणजे घर, आसरा किंवा राखणारा, अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात सरळ 'शरणं गृहरक्षित्रोः' असं दिलंय. 'बुद्धं शरणं गच्छामि' म्हणताना कोण कुठं हरतंय? लढाईत हरलेला माणूस जिंकणाऱ्याकडेच आसरा मागतो आणि पेपरात आपण तेवढंच वाचतो म्हणून आधी तेच आठवतं. गंमत म्हणजे गडचिरोलीच्या बातम्यांत नक्षलवादी 'आत्मसमर्पण' करतात, हा चांगला देवघरातला शब्द पोलिसांकडे गेलाय त्याची मात्र कोणी तक्रार करत नाही!

फरक बघायचा तर क्रियापद बघा. हार पत्करतात तशी शरणागतीही 'पत्करतात', त्यात नाइलाज आहे. देवाला कोणी शरणागती पत्करत नाही, तिथे शरण जातात, आणि मूर्तीसमोर उभं राहून बोलायचं असेल तर 'शरण आलो' म्हणतात, तुकोबांसारखं 'शरण शरण जी हनुमंता, तुज आलों रामदूता'.

आता वेगळेपणाचं. यावर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात गीतेतल्या 'मामेकं शरणं व्रज' (मला एकट्यालाच शरण ये) वर जे लिहिलंय त्याच्यापुढे मला तरी काही सुचत नाही. तिथे कृष्णाच्या तोंडी शरण येण्याची चक्क व्याख्याच आहे:

आपुलेनि भेदेंविण । माझें जाणिजे जें एकपण ।
तयाचि नांव शरण । मज येणें गा ॥

म्हणजे स्वतःला वेगळं न ठेवता माझं एकपण जाणणं, त्यालाच शरण येणं म्हणतात. घडा फुटला की आतलं आकाश बाहेरच्या आकाशात 'जातं' तसं हे जाणं, खरं तर ते वेगळं कधी नव्हतंच. आणि लगेच उलटा दाखलाही देतात, वडवानळ म्हणजे समुद्रातला अग्नी, तो समुद्राच्या पोटात शरण आला खरा पण आत बसून पाणीच जाळतोय, असली शरणागती सोडून दे म्हणे. पुढे तर चक्क झापलंय, 'मजही शरण रिघिजे । आणि जीवत्वेंचि असिजे', मलाही शरण यायचं आणि वर जीव म्हणूनच राहायचं, हे बोलायला बुद्धीला लाज कशी वाटत नाही!

यातलं 'रिघणे' मला फार आवडतं. रिघणे म्हणजे आत शिरणे, देवळात दर्शनाला 'रीघ' लागते ती यातलीच. म्हणजे शरण ही आत शिरायची जागा हा जुना घराचा अर्थ जुन्या मराठीत शाबूत होता आणि 'समोर गुडघे टेकणं' हे आपण आज त्यावर लादतोय.

पण हा अर्थ सगळ्या संप्रदायांना चालेल असं नाही हं. वैष्णव आचार्य रामानुजांच्या परंपरेत शरणागती हाच मोक्षाचा मुख्य मार्ग, पण तिथे जीव देवात विरून जात नाही, त्याचाच होऊन राहतो. म्हणजे तुमची 'वेगळा आहेच ना' ही शंका तिथे अगदीच चूक ठरत नाही.

आणि एक, 'देवाला शरणागत जा' असं हल्ली लिहिलेलं दिसतं ते टाळा. शरणागत मध्ये 'आगत' म्हणजे 'आलेला' आधीच आहे, त्यामुळे एकतर शरण जा नाहीतर शरणागत व्हा.