कपाट उघडा, मग बोलू

नवीन वर्षाचे कपड्यांचे संकल्प कळवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली आणि मेल तर ढीगभर. बहुतेकांचा संकल्प एकच, यंदा नवीन कपडे घेणार नाही, आणि त्याच मेलमधे खाली प्रश्न की थ्रिफ्टिंग (म्हणजे वापरलेल्या कपड्यांची खरेदी) कुठे करू, सेल कधी लागतो वगैरे. असो. निवडक पत्रांना उत्तरं देतेय. ज्यांनी फक्त सेलच्या तारखा विचारल्यात त्यांची माफी.

ताई, मी पुण्यात सेकंड इयरला आहे. यावर्षी नवीन काही घ्यायचं नाही, फक्त थ्रिफ्ट करायचं असं ठरवलंय. इन्स्टावर बरीच पेजेस फॉलो करते. पण आई म्हणते लोकांचे उतरलेले कपडे घरात आणायचे नाहीत. शिवाय एक जीन्स मागवली ती मांडीतच अडकली, नो रिटर्न होतं. नक्की काय बघून घ्यायचं? — एक वाचक, कर्वेनगर

आधी आईचं बघू. तिला विचार, तू जन्मलीस तेव्हा अंगात काय घातलं होतं? बहुतेक घरांमधे तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, कुणाचं तरी वापरलेलं झबलं घालतात आणि दुपटी तर आजीच्या जुन्या सुती लुगड्याचीच असतात, कारण शंभर धुण्यांनंतर कापडाला जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही. म्हणजे उतरलेल्या कपड्यांपासूनच सुरुवात झालीये आपली. पण आईचा मुद्दा स्वच्छतेचा असेल तर तो शंभर टक्के बरोबर आहे, आणलेला कपडा थेट कपाटात नाही जायचा, आधी गरम पाण्यात (कापडाला चालत असेल तर) धुवून दिवसभर कडक उन्हात, शिवणी उलट्या करून, म्हणजे ढेकूण-बिकूण असले तरी दिसतात. आतले कपडे, मोजे, स्विमसूट हे वापरलेले घ्यायचेच नाहीत, त्यात चर्चा नाही.

आता जीन्स. तू साइज बघून घेतलीस ना? जुन्या कपड्यात साइजच्या आकड्याला काही अर्थ नसतो, एका ब्रँडचा ३० दुसऱ्याचा २८ असतो, आणि धुवून धुवून आटलेला वेगळाच. घरातली तुला नीट बसणारी जीन्स पलंगावर सपाट पसर आणि टेपने मोज, कंबर, मांडीचा घेर, आसन (पुढच्या कंबरेपासून दोन्ही पायांच्या शिवणी जुळतात तिथपर्यंत), उंची. हे चार आकडे मोबाइलमधे लिहून ठेव आणि पेजवाल्या मुलीला डीएम करून तिच्याकडच्या कपड्याचे हेच चार माग. टॉपला एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप, त्याची दुप्पट म्हणजे छाती. आणि खांदा. खांदा सगळ्यात महत्त्वाचा. कारण कंबर इंच-दोन इंच आत घेता येते, बाही कापता येते, उंची कमी करता येते, पण खांदा उतरलेला असेल तर शिंप्याला अख्खं मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथून, उसवायला लागतं आणि तो तोंड वाकडं करून जे पैसे सांगतो त्यात नवीन शर्ट येतो. आणि तुझी मांडीत अडकलेली जीन्स मोठी होणार नाही, रेडिमेडमधे माया (शिवणीतलं जास्तीचं कापड) ठेवतच नाहीत. मैत्रिणीला देऊन टाक.

कापड ओळखायचं असेल तर आतल्या शिवणीतला एक सुटा दोरा काढून बेसिनवर पेटवून बघ. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास, आणि पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. "प्युअर सिल्क व्हिंटेज शर्ट" लिहून विकलेल्या कितीतरी शर्टांचा मणीच होतो. अर्थात ही परीक्षा पार्सल घरी आल्यावरच करता येते, त्यामुळे आधी आतल्या लेबलचा फोटो मागायचा, लेबल कापलेलं असेल तर का ते विचारायचं. कापलेलं लेबल म्हणजे खोट असं लगेच नाही, पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर किंवा मुंबईत आझाद मैदानासमोर जो एक्स्पोर्टचा उरलेला माल मिळतो त्याची लेबलं अशीच ब्लेडने कापलेली असतात. फक्त तो माल वापरलेला नसतो, नवाच असतो, त्याला थ्रिफ्ट म्हणून पुण्य मिळणार नाही. खरंच वापरलेलं बघायचं तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा, बुधवारी किंवा रविवारी, सकाळी लवकर, आणि अर्धा वेळ हत्यारं, नाणी, घड्याळं बघण्यात जाणार हे धरून चाल.

एक गोष्ट मात्र अजिबात घेऊ नकोस, ती म्हणजे जुनं रेक्झिनचं जॅकेट. दिसतं लेदरसारखं, फोटोत तर फारच भारी दिसतं, पण वर पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि आपल्या दमट हवेत तो काही वर्षांत पाणी धरून सुटायला लागतो, मग एका पावसाळ्यात कॉलरपासून काळे पापुद्रे निघतात, मानेला, गाडीच्या सीटला, मैत्रिणीच्या पांढऱ्या कुर्त्याला चिकटतात. त्याला उपाय नाही. बुटांचे तसले सोल पण तसेच भुगा होतात, न वापरता ठेवले तरी होतात. इलॅस्टिक ताणून बघायचं, कुरकुर आवाज आला तर ते मेलेलं आहे, पण ते बदलता येतं, त्यासाठी चांगला स्कर्ट सोडू नकोस.

आणि शेवटचं, हे तुला आवडणार नाही. तू महिन्याला चार थ्रिफ्टचे टॉप घेतलेस तर तो संकल्प नाही, ती खरेदीच आहे, फक्त कुरियरचे पैसे वेगळे. चारशेचा टॉप दोनदा घातला तर एका वेळेला दोनशे पडले. अठराशेचा चांगला सुती शर्ट साठ वेळा घातला तर तीस. हिशोब करून बघ आणि मग ठरव स्वस्त काय ते.

नमस्कार. वय ५४, बँकेत नोकरी. मला स्टाईल वगैरे कधी जमली नाही. मुलगी म्हणते बाबा यावर्षी जरा बदला. कपाटात आहेरात आलेले शर्टपीस, पँटपीस यांचा गठ्ठा आहे, काही तर दहा वर्षांपूर्वीचे. रेडिमेड घ्यावेत की हे शिवावेत? — एक वाचक, नाशिक

दादा, तुमच्या कपाटात दुकान पडलंय आणि तुम्ही मला विचारताय रेडिमेड घेऊ का! महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात हा गठ्ठा असतो आणि प्रत्येक घरात तो पुढच्या लग्नात दुसऱ्याला आहेर म्हणून जायची वाट बघत असतो. यावर्षी त्याचं हे फिरणं थांबवा.

गठ्ठा काढा, सगळे पीस उलगडून दिवसाउजेडी बघा. दहा वर्षं एका घडीत राहिलेल्या कापडाला घडीवर पिवळी रेघ येते, ती धुवून जाते का बघा, नाही गेली तर तो पीस बाजूला. मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. ५८ इंच पन्हा असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर लागतं, ३६ इंच असेल तर सव्वादोन मीटर. पँटला ५८ पन्ह्यात १.२० ते १.३० मीटर. तब्येत भरलेली असेल तर थोडं जास्त, आहेराचे पीस मोजून-मापून कापलेले असतात त्यामुळे आधी शिंप्याला दाखवा, नाहीतर अर्ध्या बाहीचा करून घ्या, उन्हाळा येतोच आहे. सुती असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात शर्ट आटतो आणि दोष शिंप्याला.

स्टाईलचं म्हणाल तर पन्नाशीच्या पुरुषाला फक्त दोन गोष्टी बदलायच्या असतात. एक, शर्टाचा खांदा तुमच्या हाडावर संपला पाहिजे, दंडावर उतरलेला नको. बँकेतले निम्मे लोक लग्नातल्या मापाचेच शर्ट शिवत राहतात किंवा मग पोट झाकायला दोन साइज मोठा घेतात आणि खांदे गळाल्यासारखे दिसतात. पोटासाठी माप पोटाचं घ्यायला सांगा, खांदा खांद्याचाच. दोन, पँट बुटावर गोळा होऊ देऊ नका, एकच चुणी पडेल इतकीच उंची. आणि सगळे शिवू नका एकदम, चार निवडा, त्यात तो चकाकणारा क्रीम कलरचा नको (प्रत्येक गठ्ठ्यात एक असतोच). मुलीला बरोबर घेऊन जा शिंप्याकडे, तिला आवडेल. शिंप्याला शिवणीत दीड इंच माया ठेवायला सांगा. आपलं वय आहे वाढायचं.

सासूबाईंच्या इरकल आणि दोन जुन्या पैठण्या माझ्याकडे आल्यात. इरकल घडीवर विरलीये. एका पैठणीचा जर काळा पडलाय. जाऊ म्हणते ड्रेस शिवून टाक, नाहीतर जरवाल्याला दे, पैसे येतील. मन होत नाही. — एक वाचक, सोलापूर

मन होत नाहीये ना, मग आधी काहीच करू नका, कात्री तर अजिबात नाही. कातरलं की संपलं.

इरकल उजेडासमोर धरा आणि विरलेल्या भागाशेजारी दोन बोटांनी आडवं हलकंसं ताणा. दोरे लगेच बाजूला होऊन जाळी दिसली तर ते कापड शिवण धरणार नाही, ड्रेस शिवला तर पहिल्यांदा बसतानाच पाठीत उसवेल, अस्तर लावलं तरी. जाऊबाईंना सांगा. पण इरकलीत अंग बहुतेक सुती आणि पदर रेशमी असतो, लाल पदर आणि त्यात पांढरं काम, आणि हा पदर पुष्कळदा अंगापेक्षा जास्त टिकतो. त्याची ओढणी करा किंवा ब्लाउज. सुती अंग मऊ झालेलं असेल तर गोधडीच्या आत घाला, किंवा वरच्या थराला, सोलापुरात गोधडी शिवणाऱ्या बायका अजून आहेत आणि त्यांच्या टाक्याला मशीनची सर नाही.

पैठणीचं वेगळं. जर काळा पडलाय म्हणजे वाईट बातमी नाही, उलट त्यात चांदी असण्याची शक्यता आहे, चांदी काळी पडते. म्हणूनच जरवाला दारात येतो ना! तो साडी जाळून चांदी काढतो आणि वजनावर पैसे देतो, म्हणजे विणकराने महिनोन् महिने बसून जे विणलं त्याचे शून्य रुपये आणि फक्त धातूचे पैसे. द्यायचीच असेल तर किमान दोन ठिकाणी वजन करून भाव घ्या. पण माझं ऐकाल तर देऊ नका. येवल्यात आणि पुण्या-मुंबईतही पैठणीला रफू करणारे, काठ नवीन कापडावर चढवून देणारे कारागीर आहेत. जरीला घरी लिंबू-बिंबू लावून घासू नका. मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, हँगरवर टांगू नका, जड जरीची साडी आपल्याच वजनाने घडीवर फाटते. आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. त्या इरकलीचं हेच झालं नाहीये, एकाच घडीवर वर्षानुवर्षं पडून राहिली.

नेसा की एखाद्या हळदीकुंकवाला. सांभाळून, पिना न लावता.

संक्रांतीला काळी साडी हवी, माझ्याकडे एकही नाही. पण नवीन न घ्यायचा संकल्प १ जानेवारीचाच आहे! काय करू? — एक वाचक, ठाणे

मागून आणा. वर्षातून एकदा नेसायची काळी साडी प्रत्येकीने स्वतंत्र विकत का घ्यायची, हे मला कधी कळलेलं नाही. शेजारची नाहीतर ऑफिसमधली कुणीतरी, हळदीकुंकू वेगवेगळ्या दिवशी असतातच, एकच चंद्रकळा पूर्ण बिल्डिंगमधे फिरू शकते. ब्लाउज तेवढा स्वतःचा, काळा, साधा, तो सगळ्यावर चालतो.

कपाट ओसंडतंय आणि तरी घालायला काही नाही. सगळे सांगतात हँगर उलटे लावून बघ काय वापरते ते. पण माझं सगळं घडीचं आहे, हँगर आहेतच किती? — एक वाचक, चिंचवड

हँगर नकोत. धुवून आलेला प्रत्येक कपडा गठ्ठ्याच्या डाव्या बाजूला, नवीन गठ्ठा करून ठेवायचा, जुन्या गठ्ठ्यात परत सरकवायचा नाही. होळीपर्यंत उजवीकडे जे उरलं ते तुम्ही घालत नाही. लग्नाकार्याचं आणि गरम कपडे त्यातून वगळा. उरलेल्यातलं जे चांगलं आहे ते कुणाला हवंय ते विचारून द्या, विचारून, पोतं भरून कुणाच्या दारात ठेवणं म्हणजे दान नाही. जे वाईट आहे ते बोहारणीला द्या, स्टीलचा डबा मिळेल तो मिळेल, पण ती प्रत्येक कपडा उलटसुलट बघून ठिगळ, बटण, चेन तपासून त्याची जी किंमत सांगते ना ती ऐका एकदा शांतपणे. आपण सेलमधे काय उचलून आणलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

इथे लीड्सला चॅरिटी शॉपमधे बाबांसाठी लोकरीचा जाड कोट घेतलाय, मार्चमधे साताऱ्याला येताना आणणार. एक-दोन बारीक भोकं आहेत आणि जुनाट वास येतोय. चालेल ना? — एक वाचक

चालेल, पण भोकं कसली ते बघ. कडा जळल्यासारखी असेल तर सिगरेट, विषय संपला. कुरतडल्यासारखी असेल तर कसर (लोकर खाणारी कीड), आणि तिची अंडी कॉलरच्या खाली नाहीतर खिशाच्या शिवणीत असू शकतात, ती बाबांच्या कपाटातल्या शालींपर्यंत पोचायला नकोत. कोट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोनेक आठवडे डीप फ्रीझरमधे ठेव (मावत नसेल तर ओळखीच्या कुणाच्या तरी), मग ब्रशने शिवणी झाडून काढ. पाण्यात धुवू नकोस, लोकर आटून बाबांऐवजी भाच्याला बसेल. वासासाठी कोरडा दिवस बघून बाहेर वाऱ्यावर टांग, तरी राहिला तर ड्रायक्लीन तिथेच करून घे. रफू मात्र इथे आल्यावर कर, साताऱ्यात नाही मिळाला तर पुण्यात रफूवाला नक्की मिळेल, कोटाच्या आतल्या शिवणीतलेच दोरे काढून भरायला सांग म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. आणि मार्चमधे आणतेयस म्हणजे तो घालायला डिसेंबर उजाडणार, तोवर खिशात कडुनिंबाची वाळलेली पानं घालून ठेवायला आईला सांग.