वक्त्याचा स्वतःचा अनुभव असेल तर त्याचं बोलणं जास्त का पटतं?

कारण ऐकणारा मुद्द्याआधी माणूस तपासतो. याने स्वतः काय केलंय आणि यात याचा फायदा काय, हे प्रश्न मनात आधी येतात.

गाडगेबाबांइतकं (१८७६–१९५६) ठसठशीत उदाहरण मला दुसरं दिसत नाही. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. ते स्वच्छतेवर बोलू लागत तेव्हा पुरावा गावाने दिवसभर डोळ्यांनी पाहिलेला असे. दारू आणि सावकारी कर्जावर ते तुटून पडत. वडील दारूपायी गेले, मामाची जमीन सावकाराने गिळली, हे त्यांनी घरातच सोसलं होतं. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांच्या अंगावर शेवटपर्यंत चिंध्याच होत्या. स्वार्थाची शंका घ्यायला जागाच नव्हती! शिवाय ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा नाकारत नाही.

अ‍ॅरिस्टॉटल या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानेही वक्त्याच्या चारित्र्याला फार मोठं वजन दिलं होतं. मात्र हा विश्वास आधीच्या नावलौकिकातून नव्हे, तर भाषणातूनच निर्माण व्हावा, असं त्याचं म्हणणं होतं.

अनुभव खरा असला तरी तो सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. ‘मी या काढ्याने बरा झालो’ असं कोणी तळमळीने सांगितलं, तरी औषधाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.