तीन परीक्षक, दोनशे फोटो : निकाल निष्पक्ष कसा लावायचा?

तुमचा प्रश्न असा : "छायाचित्र स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला पहिल्यांदाच बोलावलंय. फोटो दोनशेच्या आसपास, आम्ही तिघं, आणि बाकीचे दोघं माझ्यापेक्षा बरेच ज्येष्ठ. निकाल निष्पक्ष लागावा म्हणून मी काय करू?"

छायाचित्रणातलं मला ओ की ठो कळत नाही. मी भाषेची शिक्षिका. निबंध आणि उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेली. तेव्हा प्रकाश, चौकट वगैरे दुसरं कुणी सांगेल. पण "बाकीचे दोघं ज्येष्ठ" हे वाचलं आणि राहवलं नाही.

आमची स्पर्धा निबंधांची होती. १३२ निबंध, प्रत्येकाला पंचवीसपैकी गुण, परीक्षक तीन. मी सगळ्यात नवखी. दुसऱ्या बाई माझ्याहून थोड्या मोठ्या, अतिशय सज्जन, कुणाशी वाद नको म्हणून स्वतःचं मत गिळून टाकणाऱ्या. तिसरे सर. व्यासंग दांडगा, नाव मोठं आणि आवाज त्याहून मोठा. तिघांनी एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती बसून गठ्ठे फिरवायचे आणि गुण आपापल्या कागदावर लिहायचे, असं ठरलं होतं.

मी घरून तक्ता करून नेला होता. विषयाची समज, मांडणी, भाषा, शुद्धलेखन, स्वतंत्र विचार, प्रत्येकी पाच गुण. सरांनी तो पाहिला आणि हसले. "अहो मॅडम, गुणवत्ता डोळ्यांत भरते. ती काय कापड आहे, टेप लावून मोजायला?" मी काही बोलले नाही. तक्ता मात्र मुद्दाम त्यांना दिसेल असा समोर ठेवला.

तासभर झाला असेल. सरांनी हातातला निबंध टेबलावर आपटला. "संपली स्पर्धा! पहिला नंबर मिळाला. आता बाकीचं वाचायचं ते फक्त नियमापुरतं." आणि त्यांनी पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांचा आवाज असा, की सूचनाफलक वाचला तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. वाचून झाल्यावर खोलीत क्षणभर शांतता. मग मी पाहिलं, बाईंनी हळूच आपला कागद ओढला आणि एक आकडा खोडला. तो निबंध त्यांच्याकडून आधीच तपासून झाला होता. १७ चे २३ केले त्यांनी. मी पाहिलंय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "मघाशी घाईत वाचला गेला बहुतेक."

तो निबंध सगळ्यात शेवटी माझ्याकडे आला. गिचमिड अक्षर, समारोपाचा पत्ता नाही, शुद्धलेखनाची दैना. माझ्या तक्त्यात त्याला १६ पडले. सरांचे २५, बाईंचे २३, माझे १६, बेरीज ६४. माझ्या मते पहिल्या असलेल्या निबंधाला मी २२ आणि बाईंनी २१ दिले होते, पण सरांनी १२. बेरीज ५५. निकाल लागला. आणखी एकदा बसूया असं मी म्हटलं, तर सर चष्मा डबीत घालत म्हणाले, "तक्त्याला विचारा, बसायचं का ते."

एक गोष्ट मला नंतर कळली, तुम्ही ती आधीच लक्षात ठेवा. सर १० ते २५ असे मोकळ्या हातानं गुण द्यायचे, बाई १७ ते २३ च्या आत घुटमळायच्या. बेरीज करून निकाल लावला की ज्याचे आकडे जास्त पसरलेले, त्याचंच म्हणणं खरं ठरतं. बाकीचे परीक्षक नुसते सही करायला बसल्यासारखे. त्यावर उपाय सोपा : प्रत्येकानं आपल्या गुणांवरून आधी क्रम लावायचा, पहिला, दुसरा, तिसरा, आणि क्रमांकांची बेरीज करायची. आम्हाला हे सुचलं असतं तर निदान चुरस झाली असती.

त्यानंतर सरांचं आणि माझं भांडण सुरू झालं ते अनेक वर्षं पुरलं. मी वाचनालयात जाऊन दारूगोळा जमवला. स्टार्च आणि एलियट नावाच्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती शाळाशाळांतून पाठवल्या होत्या. १४२ ठिकाणांहून त्या तपासून आल्या. त्यातल्या एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी कुणी ६४ दिले होते, कुणी ९८. भाषेचं असंच असतं म्हणून लोकांनी उडवून लावलं, तर पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिचे गुण २८ पासून थेट नव्वदीच्या पुढे! मी सरांना म्हटलं, बघा तुमचा डोळा. डोळ्यांत भरते म्हणता, पण कुणाच्या डोळ्यांत?

सर खेळांचे शौकीन. त्यांनी मुष्टियुद्ध काढलं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स ज्युनिअर अंतिम सामना हरला, तीन विरुद्ध दोन मतांनी. ठोशांची मोजदाद करणाऱ्यांच्या हिशोबात त्याचे ८६ ठोसे लागले होते आणि जिंकलेल्या पार्क सी-हूनचे ३२. मी म्हटलं, हे तर माझ्याच बाजूचं झालं. ते म्हणाले, "पुढचं ऐका." त्या बोंबाबोंबीनंतर १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये बटणं आली. पाच पंच, ठोसा लागला की बटण दाबायचं, आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच गुण. झालं काय, तर खेळाडू लांबून स्वच्छ दिसणारे टिचकीवजा ठोसे मारायला शिकले. जवळून अंगावर बसणारे ठोसे आणि झपाट्यात पडणारी सरबत्ती बटणांत धड सापडेना. शेवटी २०१३ मध्ये ती पद्धत मोडीत काढून पुन्हा पंचांच्या नजरेवर यावं लागलं. "तुमचा तक्ता म्हणजे ते बटण आहे मॅडम. जे मोजता येतं तेवढंच तुम्हाला दिसतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी पैज लावली.

सरांचं एक मानायला हवं, पैजेला ते लगेच तयार झाले. त्याच गठ्ठ्यातले दहा निबंध मी एका तिऱ्हाईताकडून टाइप करून घेतले. नावं काढली, चुका तशाच ठेवल्या, क्रम बदलला. वर्ष उलटून गेलं होतं. दोघांनी आपापल्या घरी तपासायचे, जुने गुण बघायचे नाहीत.

सरांचे दहापैकी सात आकडे तीनपेक्षा जास्त गुणांनी हलले. माझ्या मते पहिल्या असलेल्या ज्या निबंधाला त्यांनी १२ दिले होते, त्याला आता १९! मला गगन ठेंगणं झालं. फोन करून मी त्यांना ऐकवलं, आणि जरा जास्तच ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "बरं. आता तुमचे सांगा."

माझे बहुतेक एक-दोन गुणांच्या फरकात होते. तक्ता कामाला आला होता. एकच निबंध पाच गुणांनी वर गेला होता, १६ वरून २१ वर. कुठला ते तुम्ही ओळखलं असेल. मी मात्र फोनवर सांगता सांगता ओळखला.

अक्षर आता नव्हतं, हे एक कारण. पण खरं कारण तेवढंच नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. पहिल्या वेळी तो निबंध मी सरांच्या आवाजात वाचला होता, आणि प्रत्येक ओळीला मनात म्हणत होते, एवढं काय आहे यात? बाईंना त्या आवाजानं वर ओढलं आणि मला खाली. त्या खोलीत एकटी मीच जागची हलले नाही असं मी वर्षभर समजत होते. प्रत्यक्षात माझा १६ चा आकडासुद्धा सरांनीच लिहिला होता.

"म्हणजे निबंध चांगलाच होता ना?" सर म्हणाले. होता. तेव्हा फोनवर कबूल केलं नाही, इथे करते. त्या मुलीनं लिहिलेली एक ओळ मला अजून पाठ आहे आणि मी पहिला धरलेल्या त्या आदर्श निबंधातला एक शब्दही आठवत नाही. पण सर, तुम्ही मोठ्यानं बोललात. माझा आक्षेप तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. निबंध चांगला निघाला म्हणून तुमची पद्धत चांगली ठरत नाही.

गाल्टनची गोष्ट मी त्यांना त्यानंतर पाठवली होती. इंग्लंडातल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एक पैज होती : कापून सोलल्यावर बैलाचं वजन किती भरेल? फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं त्या पैजेच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. ७८७ वाचण्याजोग्या निघाल्या. त्यातला बरोबर मधला अंदाज १२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन भरलं ११९८. हे १९०७ साली छापून आलं. लोक यातून "गर्दी शहाणी असते" एवढंच घेतात. पण प्रत्येकानं आपली चिठ्ठी आपली आपण लिहिली होती, हे कुणी बोलत नाही. बैलाशेजारी उभं राहून एखाद्या नावाजलेल्या खाटकानं खणखणीत आवाजात आकडा सांगितला असता, तर ७८७ चिठ्ठ्यांचा अर्थ एका चिठ्ठीइतकाच उरला असता.

म्हणून टोकाचे गुण काढून टाका, मधले धरा, या सल्ल्यावर फार विसंबू नका. सूर मारण्याच्या मोठ्या स्पर्धांत सात पंच असतात, वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळतात, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या २५, २३, १६ मध्ये मधला आकडा २३, आणि तो बाईंचा कुठे होता?

आता तुमच्याकडे वळते, फार वेळ घेतला. शक्य असेल तर तिघांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी बघा. नावं झाकलेली हवीत, हे तुम्हाला माहीत असेलच. गुण द्यायच्या आधी दोनशेच्या दोनशे फोटो एकदा नुसते नजरेखालून घाला, नाहीतर सुरुवातीच्या फोटोंना हात आखडता राहतो, पुढे काय येईल कोण जाणे म्हणून. आणि प्रत्येक परीक्षकासाठी क्रम वेगळा पिसा. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथे वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी पहिल्या दिवशी वाजवणारे निकालात मागे पडतात आणि उशिरा वाजवणारे पुढे जातात, असं त्यात दिसलं. कसलेल्या परीक्षकांचं हे होत असेल तर दोनशे फोटोंनंतर तुमचं-माझं काय होणार!

तक्ता वापरायचा का? दोनशेतून वीस काढायला जरूर वापरा. वीसातून पहिला काढायला नको. तिथे सरांचं ऐका, डोळ्यांत काय भरतं ते बघा, फक्त ते आधी कागदावर लिहा आणि मग तोंड उघडा. आकडे लिहून झाल्यावर हवी तेवढी चर्चा करा, मतं बदला, पण बदलताना जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा. म्हणजे कोण कुणामुळे हललं ते निदान दिसतं.

हेही सांगायला हवं की दहा निबंध आणि दोन हट्टी माणसं यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि फोटोंचं गणित निबंधांहून वेगळं असू शकेल. नाव झाकूनही शैलीवरून फोटो कुणाचा ते ओळखू येत असेल, मग झाकण्याचा उपयोग कमी. तुमचे ज्येष्ठ कदाचित आमच्या सरांसारखे नसतीलही, मुकाट बसून काम करणारे असतील. ओळखीच्या कुणाचा फोटो निघाला तर त्या फोटोपुरतं बाजूला व्हा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एकाच खोलीत बसावं लागलं, आणि त्यातल्या कुणी फोटो उचलून "वा!" म्हटलं, तर पुढचं वाक्य येण्याआधी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जा. मी तेव्हा खुर्चीतच बसून राहिले होते.