जुनी डिझेल स्विफ्ट ठेवायची की नवी पेट्रोल घ्यायची

तुमची २०१२ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीची, स्विफ्ट व्हीडीआय (मधलं डिझेल मॉडेल), रनिंग दीड लाखाच्या पुढे, दर आठवड्याला पुणे-सातारा, सोबत आई-वडील, बायको आणि चार वर्षांची मुलगी. मित्र म्हणतायत नवी स्विफ्ट म्हणजे नुसता पत्रा, इंजिन तीन सिलिंडरचं, जुनी अजिबात विकू नको. तुम्ही विचारलंय खरं काय. स्विफ्टच्या चारही पिढ्या मी चालवल्यात, पहिली तर आमच्या घरचीच होती, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

मित्रांचं अर्धं बरोबर आहे. पण ज्या अर्ध्यात ते चुकतायत, तेच तुमच्या घरासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

आधी बरोबर काय ते. तुमच्या गाडीतलं १.३ मल्टीजेट इंजिन मूळ फियाटचं, १२४८ सीसी. एके काळी स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया सगळ्यांत हेच, लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. पॉवर ७५ पीएस, पण खरी गोष्ट टॉर्कची, म्हणजे गाडी ओढणाऱ्या जोराची, १९० एनएम आणि तोही इंजिन मिनिटाला २००० फेरे (आरपीएम) फिरत असतानाच. नवी स्विफ्ट, म्हणजे मे २०२४ ला आलेली चौथी पिढी, तिचं झेड-सिरीज पेट्रोल इंजिन ८२ पीएसचं, कागदावर पॉवर जास्त, पण टॉर्क ११२ एनएम आणि तो मिळतो ४३०० ला. हा फरक पुण्यात सिंहगड रोडवर कळणारच नाही. कळेल साताऱ्याच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटात. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, पुढे उसाचा ट्रक, अशा वेळी तुमची डिझेल तिसऱ्यात नुसता पाय दाबला की उचलते, नवीला दुसरा टाकावाच लागतो आणि इंजिन ओरडतं. ओरडलं म्हणजे बिघडलं असं नाही, पेट्रोल इंजिन तसंच चालवायचं असतं, पण दहा-बारा वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाला पहिले सहा महिने ते खटकतंच.

अर्थात डिझेलचीही दुसरी बाजू आहे जी तुम्ही सवयीने विसरला असाल. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, झोपलेला असतो, ताम्हिणी किंवा वरंध्याच्या घट्ट वळणात दुसऱ्या गिअरला गाडी पडली की कशी मान टाकते आणि मग एकदम झेप घेते, ते आठवा. नवी तिथे जास्त सरळ वागते.

तीन सिलिंडरचं म्हणाल तर हो, सिग्नलला उभं असताना हलकी थरथर जाणवते, थंड इंजिनला जरा जास्त. चाळीसच्या पुढे काही नाही. पहिल्या पिढीचं चार सिलिंडर १.३ पेट्रोल ज्यांनी चालवलंय त्यांना ती मजा नव्यात सापडणार नाही, आणि मला ते मनापासून वाईट वाटतं, कारण ते इंजिन वर फिरवायला जे सुख होतं ते आता छोट्या गाड्यांतून गेलंच. आताची इंजिनं मायलेज आणि उत्सर्जनाच्या नियमांसाठी बांधलेली आहेत. एप्रिल २०२० ला बीएस-६ हा उत्सर्जनाचा कडक नियम आला आणि मारुतीने डिझेल बंदच केलं, कारण छोट्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि बाकीचा सरंजाम परवडेना.

आता पत्र्याकडे येतो, कारण ही समजूत फार खोल बसलीय. तुमची डिझेल साधारण हजार-साठ किलोची, नवी नऊशेच्या थोडी वर, म्हणजे फरक शंभर-दीडशे किलोंचा. लोक लगेच म्हणतात बघा, दीडशे किलो लोखंड खाल्लं कंपनीने. अहो, त्यातला बराचसा फरक डिझेल इंजिनाचाच आहे, तुमच्याच पिढीची पेट्रोल स्विफ्ट डिझेलपेक्षा शंभर किलो हलकी होती. उरलेला फरक नवीन प्लॅटफॉर्म आणि हाय-टेन्साइल स्टीलचा. बाहेरचा पत्रा, जो आपण अंगठ्याने दाबून बघतो, तो टक्कर झेलत नाही. टक्कर झेलतात पुढचे लाँग मेंबर (सांगाड्याचे लांब दांडे), छत पेलणारे ए आणि बी पिलर, दारातला बीम, फ्लोअरचे क्रॉस मेंबर, आणि यातलं काहीही शोरूममध्ये हाताला लागत नाही. दार लावताना येणारा तो भरीव 'धप्प' आवाज सुद्धा रबर सील, लॅच आणि दाराच्या आत चिकटवलेल्या डँपिंग शीटचा असतो.

पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त केलेली टेस्ट बघा, व्हिडिओ सहज मिळतो. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर, बोटीएवढी लांब, आणि समोरून २००९ ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी ६४ किमीला अर्ध्या तोंडावर एकमेकांवर आदळवल्या. बेल एअरचा पिलर दुमडून केबिनमध्ये आला, आतला माणूस वाचला नसता. मालिबूच्या ड्रायव्हरला पायाला किरकोळ दुखापत. मी हा व्हिडिओ प्रत्येक 'जुनं ते सोनं'वाल्याला पाठवतो.

आणि तुमच्याच पिढीचं बोलायचं तर २०१४ ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी करणाऱ्या संस्थेने भारतातली स्विफ्ट, एअरबॅग नसलेली, ६४ च्या स्पीडने आदळवली आणि मोठ्या माणसांसाठी पाचपैकी शून्य स्टार दिले. तुमच्या व्हीडीआयला एअरबॅग नाहीतच, त्या वेळी त्या वरच्या झेडडीआय मॉडेललाच मिळायच्या. २०१८ च्या तिसऱ्या पिढीला दोन एअरबॅगसह दोन स्टार मिळाले, म्हणजे तीही काही कौतुकाची नव्हती, आणि तेव्हा लोक नावं ठेवायचे ते योग्यच होतं. नवीत मात्र अगदी बेस एलएक्सआयपासून सहा एअरबॅग, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि पाचही सीटना तीन-पॉइंट बेल्ट आहेत. याच प्लॅटफॉर्मवरच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले. डिझायरचे स्टार स्विफ्टला आपोआप लागू होत नाहीत हे खरं, पण मारुतीने मनावर घेतलं तर ती काय बांधू शकते हे त्यातून दिसतं.

ईएसपीबद्दल वेगळं सांगतो कारण एअरबॅगच्या गर्दीत ते राहून जातं. जुलैचा पाऊस, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा उतार, ओला रस्ता, मध्येच दुचाकी आडवी येते, तुम्ही स्टिअरिंग झटकन फिरवता. जुनी गाडी इथे मागून घसरते आणि फिरते. ईएसपी एकेका चाकाचा ब्रेक आपलाआपण लावून तिला रेषेत आणतं, तुम्हाला डॅशवर फक्त दिवा लुकलुकताना दिसतो. मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर सनरूफ, स्क्रीन सगळं सोडून मी ईएसपी निवडेन.

मागच्या सीटचं थोडक्यात. मागच्या दाराचा हँडल तिसऱ्या पिढीत वर पिलरमध्ये गेला होता, लहान मुलांचा हातच पोचायचा नाही, तो नव्यात परत दारावर आलाय. मुलीसाठी चाइल्ड सीट घ्या, ती सीट थेट गाडीला अडकवायचे आयसोफिक्स हुक आहेतच. डिकी तुमची २०४ लिटर, नवी २६५, आईबाबांच्या बॅगा तुमच्या पायाशी येणं थांबेल. उलट टाकी ४२ ची ३७ लिटर झाली.

मायलेज: तुमच्या डिझेलचा एआरएआयचा, म्हणजे सरकारमान्य चाचणीचा, आकडा लिटरला २२.९ किमी, नव्या पेट्रोल मॅन्युअलचा २४.८. रस्त्यावर दोन्ही कमीच देतात, पण महिन्याला हजारेक किलोमीटरच्या रनिंगला आता डिझेलसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. महिन्याला अडीच-तीन हजार असतं तर मी वेगळं बोललो असतो.

मग निर्णय? माझं मत स्पष्ट आहे, विका. तुम्ही एकटे फिरत असता आणि गाडीवर जीव असता तर ठेवा म्हणालो असतो, पण चार वर्षांची मुलगी आणि म्हातारे आई-वडील दर आठवड्याला एनएच-४८ वर घेऊन जाणाऱ्या माणसाला बिन-एअरबॅगची गाडी ठेव असं मी सांगणार नाही. शिवाय २०२७ ला पंधरा वर्षं पूर्ण होतायत, रजिस्ट्रेशन रिन्यू, फिटनेस, ग्रीन टॅक्स हे सगळं येईल, आणि त्यानंतर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, आधी सेस धरून २९ होता.

फक्त टेस्ट ड्राइव्ह नीट घ्या. तुमच्या गाडीचे लोअर आर्म बुश आणि लिंक रॉड (सस्पेन्शनचे भाग) इतक्या रनिंगला गेलेले असणार, स्पीडब्रेकरला कट-कट येत असेल, तर तशी गाडी चालवून लगेच नवीत बसलात तर नवी विमान वाटेल, ती तुलना खरी नाही. दुसरं, शोरूमवाला तुम्हाला एकट्याला बसवून सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवेल, ते चालणार नाही म्हणून सांगा. घरच्यांना सगळ्यांना घेऊन जा, एसी चालू ठेवा, आणि कात्रजचा जुना घाट चढा. तिसऱ्यात चाळीसला गाडी ठेवून पाय दाबा आणि बघा, मग दुसरा टाकून परत बघा. हे एवढं पटलं तर व्हीएक्सआय मॅन्युअल बुक करा. घाटात खूप जात असाल तर एएमटीच्या (आपोआप गिअर बदलणाऱ्या मॉडेलच्या) नादी लागू नका, ती चढावर गिअर बदलताना विचार करत बसते. आणि तरीही डिझेलचा तो धक्का सुटत नसेल तर नेक्सॉन डिझेल चालवून बघा, बजेट वाढेल पण अजून मिळते.